मोटारीची बैठक : कातडी की कापडी?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा "मोटारीची बैठक" असे मी सांगितले. ते म्हणाले, "बैठक म्हणजे सभा ना?" मी म्हटले, "नव्हे, बसायची बैठक. सीट." ते क्षणभर गप्प राहिले. कामगार चळवळीतला माणूस संपावर बोलेल, नव्या कायद्यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्यांनी विषय छापला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातले आणि तेही रात्रपाळी संपल्यावर. त्यामुळे विद्वत्तेचा आव मी आणणार नाही. मात्र सीट ही वस्तू मला हाताने ठाऊक आहे. सतराव्या वर्षी मी सीट-कव्हरच्या दुकानात हेलपर म्हणून लागलो आणि नंतर काही वर्षे मोटारीच्या सीटा तयार करणाऱ्या कारखान्यात टीप मारली. म्हणूनच आमच्या शेजारचे एक निवृत्त कारकून गृहस्थ परवा माझ्याकडे आले. आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची होती. शोरूममधल्या मुलाने त्यांना सांगितले होते की, खालच्या प्रकारात कापडी सीट मिळेल, वरच्या प्रकारात लेदरची, आणि "साहेब, लेदरचा रुबाब वेगळाच." ते मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही सीटा शिवल्यात. खरे काय ते सांगा."

मी त्यांना प्रथम माहितीपत्रक नीट वाचायला लावले. त्यात 'लेदर' असा शब्दच नव्हता. 'लेदरेट' असा होता. लेदरेट म्हणजे आपले रेक्झिन, थोडे सुधारलेले. कापडावर पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा थर चढवायचा आणि त्यावर कातड्याच्या सुरकुत्यांचा छाप उठवायचा. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील ड्यू पाँट ही मुळात बंदुकीची दारू आणि स्फोटके करणारी कंपनी. तिने १९१० साली नकली चामड्याचा एक कारखाना विकत घेतला; कारण स्फोटकांना लागणारे नायट्रोसेल्युलोज कापडावर चढवले की चामड्यासारखा माल होतो, आणि मोटारी करणाऱ्यांना असा माल हवाच होता. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तेही मुळात इंग्लंडमधल्या अशाच मालाचे व्यापारी नाव. तेव्हा आपल्या मध्यम किमतीच्या गाड्यांत कातडी की कापडी हा वाद बहुतेक वेळा प्लास्टिक की कापड असाच असतो.

बरे, खरे कातडे असले तरी ते सगळीकडे नसते. पाठ आणि मांड्या टेकतात तेवढ्या भागाला कातडे. बाजूला आणि मागच्या अंगाला रेक्झिन. शिवाय मोटारीच्या कातड्यावर रंगाचे आणि पॉलियुरेथेनचे थर दिलेले असतात. ऊन, घाम आणि विजारीच्या कापडाचा उतरणारा रंग यांपुढे त्याला टिकायचे असते. म्हणजे आपण हात फिरवून "वा, काय कातडे!" म्हणतो, तेव्हा हात बहुधा त्या वरच्या थरावरूनच फिरत असतो. पूर्वी मलाही हे ठाऊक नव्हते. कारखान्यात मी पहिल्यांदा कातड्याचा कापलेला काठ पाहिला, तेव्हा तो वरचा साईसारखा थर दिसला.

आता या रुबाबाची गंमत पाहा. युरोपातल्या घोडागाड्यांत उघड्यावर बसणाऱ्या सारथ्याची जागा कातड्याची असे, कारण तिच्यावर पाऊस पडे. आत बसणारे धनी आणि धनीणबाई उत्तम लोकरी कापडावर बसत. पुढे मोटारी आल्या तेव्हा पहिल्या काही दशकांत हाच रिवाज चालू राहिला. शोफरच्या बुडाखाली कातडे, मालकाच्या बुडाखाली लोकर. कातडे म्हणजे पुसता येणारी, नोकराची जागा! जपानात हा समज अजून पुरता गेलेला नाही. तिथल्या सम्राटासाठी २००६ साली टोयोटाने सेंच्युरी रॉयल ही गाडी तयार केली. तिच्यात मागे, सम्राट बसतात तिथे, लोकरी कापड आहे आणि पुढे चालकाच्या बाजूला कातडे. आपल्याकडेही फार दूर जायला नको. अँबॅसिडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. त्या गाडीत साहेब बसे तेव्हा रेक्झिनच्या सीटवर पांढरा स्वच्छ टॉवेल पसरलेला असे. तो टॉवेल हेच साहेबपणाचे चिन्ह होते. चालकाच्या पाठीला टॉवेल असलाच तर त्याने घरून आणलेला.

तेव्हा कातडे उंच आणि कापड नीच, हे काही निसर्गाने ठरवलेले नाही. आणि कातड्याच्या बाबतीत तर आपल्या देशाने एक विलक्षण प्रकार केलेला आहे. महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजावर आणि ते शिवण्याचे काम चर्मकारांवर जन्माने टाकले गेले. बाभळीची साल, हिरडा, चुना, पाण्याने भरलेली कुंडे आणि आठवडेच्या आठवडे मेहनत. ते काम करणाऱ्याला आम्ही वेशीबाहेर ठेवले, त्याच्या हातचे पाणी चालेना. आणि त्याच कातड्यावर बसणे आज प्रतिष्ठेचे झाले. मोटारीतल्या कातड्यापुढे नाक मुरडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नाक मुरडले गेले ते माणसापुढे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत निघाली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आज जगातले बहुसंख्य कातडे असेच कमावले जाते. त्याची किंमत कोणी मोजली हे पाहायचे तर तामिळनाडूत वेल्लोरच्या बाजूला पालार नदीकाठी जावे. तिथल्या कारखान्यांच्या सांडपाण्याने जमीन आणि विहिरी नासल्या, लोक न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की, जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी. तो निकाल आजही दाखल्यासाठी काढला जातो. विहिरी मात्र निकालाने गोड होत नाहीत.

म्हणून कोणी म्हणेल, कापड बरे. थोडे थांबा. मोटारीचे कापड म्हणजे खादी नव्हे. ते बहुतांशी पॉलिएस्टर असते, म्हणजे जमिनीखालच्या तेलातूनच आलेले. त्याच्या पाठीला फोमचा पातळ थर लावलेला असतो. हा थर चिकटवण्याची एक रीत अशी की, फोम ज्योतीवरून नेऊन त्याचा पृष्ठभाग वितळवायचा आणि लगेच कापडावर दाबायचा. त्या धुराशेजारी जो आठ तास उभा राहतो, त्याच्या छातीला विचारावे. निर्दोष सीट असा काही माल बाजारात नाही.

मग निवड कशाने करावी? मी शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारला : या गाडीत सर्वांत जास्त वेळ कोण बसणार? आपण गाडी घेताना पाहुण्यांचा विचार करतो. लग्नाला गेलो तर चार माणसे काय म्हणतील, याचा करतो. चालवणाऱ्याच्या पाठीचा विचार करत नाही. आणि चालवणारा पगारी असेल तर मुळीच नाही. वैशाखात दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या काळ्या रेक्झिनवर बसून पाहावे, म्हणजे माझे म्हणणे व्याख्यानाशिवाय पटेल. त्याच्या पृष्ठातून हवा जात नाही. घाम पाठीवरच राहतो. म्हणून तर महागड्या गाड्यांत कातड्याला बारीक भोके पाडतात आणि सीटच्या आत पंखे बसवतात. म्हणजे कापडाला जे थोडेफार जन्मतःच जमते, ते करण्यासाठी यंत्र. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतून निरोप घेतलेल्या पद्मिनी टॅक्सीचे चालक आठवा. रेक्झिनची सीट, तिच्यावर लाकडी मण्यांची चटई, तिच्यावर पंचा. दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाने स्वतः शोधून काढलेला तो उपाय होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कापडावर दूध सांडले आणि फोममध्ये मुरले, की पुढे आठवडाभर गाडीत बसवत नाही. पावसाळ्यात काचा बंद ठेवून गाडी उभी राहिली तर कापडाला कुबट वास येतो. रेक्झिन ओल्या फडक्याने पुसले की काम भागते. लहान मुले, आजारी माणूस, भाड्याचा धंदा, असे असेल तर मी स्वतः रेक्झिन घ्या म्हणेन. फक्त रंग फिका घ्या, आणि चालकाच्या जागेवर सुती कापड घाला. खरे कातडे घेणाऱ्याने ते पुसण्याची, उन्हापासून जपण्याची मेहनत धरूनच घ्यावे. उपेक्षा झाली तर ते सुकते आणि भेगाळते.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. सीट कशाचीही असो, ती शिवावी लागते. गोल वळणावर शिवण सरळ दिसली पाहिजे, फोमवर चढवताना फाटता कामा नये. हे काम जगभर बव्हंशी बायका करतात आणि जगभर त्याला कौशल्य म्हणायला मालक तयार नसतात.

इंग्लंडमध्ये डॅगनम येथे फोर्डच्या कारखान्यात सीटची कव्हरे शिवणाऱ्या १८७ स्त्रिया ७ जून १९६८ रोजी कामावरून उठल्या. नव्या वर्गवारीत त्यांना 'ब' वर्गात, म्हणजे कमी कौशल्याच्या कामात टाकले होते. शिवाय त्याच वर्गातल्या पुरुषांच्या दराच्या ८५ टक्केच मजुरी त्यांना मिळत होती. गंमत अशी की, या कामावर घेताना त्यांची यंत्रावर परीक्षा घेतली जाई. परीक्षा घ्यायची आणि कौशल्य नाही म्हणायचे! तीन आठवडे त्या बाहेर राहिल्या. सीटेवाचून मोटार बाहेर पडेना. एवढा मोठा कारखाना, ती इंजिने, ते पोलाद, आणि शिवलेल्या कव्हरांवाचून सारे अडले. शेवटी मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या. दर ९२ टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी पुरा झाला. त्या संपातून इंग्लंडचा १९७० चा समान वेतनाचा कायदा निघाला. आपल्याकडे तसा कायदा १९७६ साली झाला. परंतु हे लक्षात घ्या, त्या स्त्रियांची मूळ मागणी पैशाची नव्हती. "आमचे काम कुशल आहे असे लिहा" ही होती. ती मान्य व्हायला १९८४ साल उजाडले आणि आणखी एक संप करावा लागला. सोळा वर्षे!

हे मी वाचले तेव्हा मला पुस्तक खाली ठेवावे लागले. कारण आम्ही चाकणच्या बाजूला नेमके याच भांडणात होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. सत्तावीस बाया सीटा शिवत, आणि हजेरीपटावर सगळ्या 'हेलपर', म्हणजे अकुशल. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "अहो, शिवण तर त्या घरीही करतात. त्यात कौशल्य कसले?" मी त्यांना पाठीच्या बाजूची शिवण दाखवली. हल्ली सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते. अपघात झाला की ती शिवण डोळ्याचे पाते लवण्याआधी उसवली पाहिजे, आणि एरवी वर्षानुवर्षे उसवता कामा नये. तिचा दोरा वेगळा, टाक्यांचे अंतर ठरलेले, आणि कोणत्या बाईने कोणत्या वेळी शिवली याची नोंद कारखाना जपून ठेवतो. मी विचारले, "साहेब, अकुशल माणसाच्या कामाची एवढी नोंद कशाला?" ते हसले. उत्तर दिले नाही.

आठ महिने बोलणी चालली. एकदा दीड दिवस काम थांबले. शेवटी तडजोड झाली ती 'अर्धकुशल' या शब्दावर. पैसे बरे वाढले. पेढे वाटले गेले. परंतु एक बाई, सगळ्यांत जुनी, तिने पेढा हातात घेऊन मला विचारले, "भाऊ, अर्धी म्हणजे कोणती अर्धी?" मला उत्तर देता आले नाही. मी त्या कागदावर सही केली होती, आणि तो मुद्दा आणखी ताणायला हवा होता असे मला आजही वाटते. ती बाई पुढे निवृत्त झाली, अर्धकुशल म्हणूनच.

शेजाऱ्यांचे सांगायचे राहिले. त्यांनी कापडी सीटची गाडी घेतली. मला बरे वाटले. पुढच्या रविवारी पाहतो तर कापड खराब होऊ नये म्हणून त्यांनी नाक्यावरच्या दुकानातून सगळ्या सीटांवर रेक्झिनची कव्हरे चढवून आणलेली! बाजूच्या एअरबॅगेची शिवण त्याखाली पुरती झाकलेली. मी त्यांना तसाच घेऊन दुकानात गेलो. तिथे यंत्रावर एक पोरगा बसला होता, मी ज्या वयात बसलो त्याच वयाचा. पुढची दोन कव्हरे आम्ही काढून घेतली, मागची राहू दिली. पोरग्याला विचारले, नगावर मिळते की महिन्यावर? तो म्हणाला, नगावर. आणि काढायचे काही मिळत नाही.

शेजाऱ्यांनी त्याला काढायचेही पैसे दिले.