जपानी वाङ्मय आणि आपला कथालेखक



एका भाषेंतील लेखकानें दुसऱ्या भाषेच्या वाङ्मयापासून काय घ्यावें, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. मराठी कादंबरी आणि लघुकथा या दोन्ही शाखा इंग्रजी वाङ्मयाच्या सहवासांत वाढल्या. ना. सी. फडके यांनीं १९३१ सालीं ‘प्रतिभासाधन’ लिहून लेखनाच्या तंत्राची जी चर्चा केली, तिचे आधारही बहुतांशीं पाश्चात्त्यच होते. त्या मानानें पूर्वेकडील जपान आपल्या कथालेखकांच्या दृष्टीआड राहिला. जपानी वाङ्मयाच्या वाचनानें मराठी कथेच्या शैलीवर कोणता इष्ट परिणाम होऊं शकेल, आणि कोणत्या अनिष्ट परिणामापासून लेखकानें सावध राहावें, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

जपानची ओळख मराठी वाचकाला अगदींच नाहीं, असें नव्हे. पु. ल. देशपांडे यांचें ‘पूर्वरंग’ हें प्रवासवर्णन १९६३ मध्यें निघालें. प्रभाकर पाध्ये यांनीं जपानविषयीं लिहिलेल्या आपल्या पुस्तकाला तर ‘तोकोनोमा’ असेंच नांव दिलें. तोकोनोमा म्हणजे जपानी बैठकीच्या खोलींतील एक उथळ कोनाडा. त्यांत एकच चित्र टांगावयाचें आणि खालीं मोजक्याच फुलांची मांडणी करावयाची. ऋतु बदलला कीं चित्रही बदलावयाचें. आपल्या दिवाणखान्यांत पूर्वजांच्या तसबिरी, देवादिकांचीं चित्रें, लग्नांतले फोटो आणि वाण्यानें दिलेलें कॅलेंडर, अशी सर्वांची एकाच भिंतीवर दाटी असते. आपलें गद्यही पुष्कळदां त्या भिंतीसारखेंच असतें!

काव्याच्या प्रांतांत हा संबंध अधिक फलदायी झाला. आचार्य अत्रे यांच्या कन्या शिरीष पै (१९२९–२०१७) यांनीं जपानी हायकू मराठींत आणला व रुजविला. जपानींत पांच, सात, पांच अशा सतरा मात्रांचा हा रचनाबंध. मराठींत त्याचें तीन ओळींचें रूप रूढ झालें. त्याच्याही पूर्वीं रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९१६ च्या जपानयात्रेंत मात्सुओ बाशो या सतराव्या शतकांतील कवीची थोरवी ओळखून त्याच्या रचना बंगालींत उतरविल्या होत्या. परंतु हायकू ही केवळ कवींची मिरास नव्हे. कथालेखकानेंही त्यापासून पुष्कळ शिकावें असें आहे.

पहिला धडा संक्षेपाचा. यासुनारी कावाबाता हे जपानचे थोर कादंबरीकार. त्यांना १९६८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं एक-दोन पानांत संपणाऱ्या शंभराहून अधिक कथा लिहिल्या व त्यांना ‘तळहातावरच्या गोष्टी’ असें नांव दिलें. त्यांची ‘युकिगुनी’, म्हणजे ‘हिमप्रदेश’, ही कादंबरी १९३५ पासून तुकड्यातुकड्यांनीं प्रसिद्ध होत गेली आणि १९४८ मध्यें तिला अखेरचें रूप आलें. इतक्या वर्षांच्या मेहनतीची ही कृति कावाबातांनीं १९७२ मध्यें, मृत्यूच्या थोडें आधीं, अवघ्या कांहीं पानांच्या कथेंत आटविली. स्वतःचेंच गाजलेलें लेखन असें आटविण्यास किती धैर्य लागत असेल, याची कल्पना लेखणी हातीं धरणाऱ्यालाच येईल.

दुसरा धडा न बोलण्याचा. समजा, एका म्हातारीचा मुलगा मुंबईस आहे. सणाला येतों म्हणाला आणि आला नाहीं. आपला लेखक लिहील, “तिच्या काळजाचें पाणी पाणी झालें, मातृहृदयाची ती व्यथा कोण जाणणार?” आतां हेंच असें लिहून पाहा: “रात्रीं म्हातारीनें दोघांपुरत्या भाकरी थापल्या. सकाळीं उरलेली गाईपुढें टाकली.” येथें व्यथा हा शब्दही नाहीं, परंतु वाचकाच्या मनांत ती उमटल्यावांचून राहात नाहीं.

आमचा पारनेर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. या दुष्काळी मुलखांतील माणूस स्वतःचें दुःख चारचौघांत बोलून दाखवीत नाहीं. “यंदा मृग कोरडा गेला,” एवढेंच म्हणतो आणि विषय बदलतो. त्याच्या वतीनें आपला लेखक मात्र पानेंच्या पानें अश्रु ढाळतो. त्या अबोल माणसाच्या अब्रूचा हा एक प्रकारें भंगच नव्हे काय? मला संयमाचा हा प्रश्न केवळ शैलीचा वाटत नाहीं. तो सचोटीचा आहे.

या ‘मृग कोरडा गेला’ मध्येंच तिसरा धडा आहे. पारंपरिक हायकूंत ऋतुसूचक शब्द असावा लागतो; त्या एका शब्दानें सगळी हवा, सगळा परिसर उभा राहतो. आपल्याजवळ रोहिणी आहेत, मृग आहे, हस्त आहे. आषाढाची आखाडी आणि पौषांतला हुरडा आहे. पेरणीच्या आशेपासून कर्जाच्या धास्तीपर्यंतचा सारा संसार एका नक्षत्राच्या नांवांत सामावतो. असें असतां ‘निसर्ग मोठा रमणीय दिसत होता’ असलीं पोकळ वाक्यें आपण कां लिहावीं?

चौथा धडा वाचकावर विश्वास टाकण्याचा. अकुतागावा यांच्या ‘झाडींत’ या १९२२ मधील कथेंत एका मृत्यूविषयीं सात जणांच्या जबान्या आहेत. त्यांचा मेळ बसत नाहीं, आणि लेखक स्वतः निकाल देत नाहीं. कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ या १९५० च्या चित्रपटाचें कथानक मुख्यतः हेंच. न्यायाधीशाच्या आसनावर वाचकाला बसविण्याचें हें धाडस तात्पर्य सांगण्याच्या आपल्या संवयीला चांगलाच धक्का देतें.

आतां सावधगिरीचे दोन शब्द. तीन ओळी लिहिल्यानें हायकू होत नाहीं, आणि वाक्यें तोडल्यानें संयम येत नाहीं. ज्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहींच नाहीं, त्याचें मौन म्हणजे केवळ रिकामेपण. तसेंच चेरीचा बहर आणि धुक्यांतले देवदार मराठी कथेंत आणून लावूं नयेत. बाशोनें आपल्या वाटेवरचा बेडूक पाहिला. आपण आपल्या वाटेवरची बाभळ पाहावी. शिवाय मराठी गद्याची एक घरंदाज बोलकी परंपराही आहे. कीर्तनाची रसवंती आणि अत्र्यांचा ओघ यांना जपानी मापानें कातरणें, हा करंटेपणा ठरेल. प्रत्येक विषयाला मौन शोभत नाहीं.

खरें म्हणजे, परक्या वाङ्मयाचा उत्तम परिणाम तोच, जो आपल्याच घरांतील विसरलेलें धन दाखवून देतो. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोक’ लिहून सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा म्हटलें. जात्यावर दळतांना आपल्या आज्या-पणज्यांनीं दोन-तीन ओळींच्या ओवींत सासर आणि माहेर यांमधलें सारें अंतर अबोलपणें मांडलें. व्यंकटेश माडगूळकरांनीं ‘बनगरवाडी’ (१९५५) सारखी कादंबरी किती थोड्या शब्दांत उभी केली, हें आपण जाणतोंच. आपली भाषाही या कामीं अनुकूल आहे. जपानी वाक्यांत कर्ता पुष्कळदां अध्याहृत असतो. मराठींतही ‘आली, टेकली, निघून गेली’ म्हटलें कीं बाई डोळ्यांपुढें येते. क्रियापदच लिंगवचन सांगतें. इंग्रजीच्या वळणानें पावलोपावलीं ‘ती’ घालण्याचें मग कारणच काय?

आमच्या तालुक्यांत निघोज येथें कुकडी नदीच्या पात्रांत प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. पाण्यानें आणि त्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनीं कठीण कातळ झिजवून ते घडविले. तेथें जें पाहावयास लोक लांबून येतात, तें दगड निघून गेल्यानें उरलेलें आहे. कथालेखनाचेंही कांहींसें असेंच समजावें. म्हणून होतकरू लेखकांना माझी एवढीच सूचना कीं, कथा पुरी झाली म्हणजे तिचें शेवटचें वाक्य झांकून ती पुन्हां वाचावी. अर्थ न बिघडल्यास तें वाक्य खोडावें. मग त्याच्या आधींचेंही तसेंच तपासावें. जें खोडतां येत नाहीं, तेंच आपलें.