नवं कुणाचं, नाव कुणाचं?

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील बचतगट व महिला मंडळांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या मेळाव्याचा विषय पत्रिकेवर मोठा भारदस्त छापला आहे : 'तंत्रज्ञान आणि कला यांतील उद्योजकता – नवनिर्मिती, सर्जनशीलता आणि परस्परसंपर्क'. चहाच्या वेळी एक-दोघींनी विचारलं, "ताई, हे आपल्यासाठी आहे ना? आम्ही तर भाजी-भाकरीवाल्या." हा प्रश्न मनात येतो, यातच सगळं आलं. नवीन काहीतरी शोधणं, बनवणं, विकणं हे दुसऱ्या कुणाचं काम आहे, असं आपल्याला इतकी वर्षं शिकवलं गेलं की आपल्या हातातलं कौशल्यही आपल्याला कौशल्य वाटेनासं झालं.

आपले दोन तालुके तंत्रज्ञानाला नवखे नाहीत. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. पुढे भिवपुरीचं झालं. घाटावर साठवलेलं पाणी नळांतून खाली आणलं, त्यावर वीज केली आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. डोंगर आपला, उतार आपला, यंत्रं चालली मुंबईत. तेव्हापासून आपल्याकडे जे जे नवं आलं, त्याला तीन प्रश्न विचारायला हवेत. यात कष्ट कुणाचे वाचले? पैसा कुणाच्या हाती गेला? आणि नाव कुणाचं लागलं?

हे प्रश्न घेऊन आधी शेतात जाऊ. भात कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. राबासाठी पाला-गोवऱ्या डोक्यावरून वाहायच्या, राब भाजायचा, रोपं काढायची, चिखलात दिवसभर वाकून लावायची, मग बेणणी, कापणी. नांगर पुरुषाचा आणि वाकणं बाईचं, ही वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी याला एक पर्याय विकसित केला, त्याला सगुणा राइस तंत्र किंवा एस.आर.टी. म्हणतात. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, त्यांत थेट बी टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, म्हणजे माती भुसभुशीत होते, गांडुळं वाढतात. त्याच वाफ्यांवर पुढे वाल, हरभरा, मूग घेता येतो. आपल्या मातीत निघालेली ही खरीखुरी नवनिर्मिती आहे आणि तिचं स्वागत केलं पाहिजे.

आता आपले प्रश्न विचारू. कष्ट कुणाचे वाचले? बाईच्या कमरेचे वाचले, हे नक्की. पण कोणत्या बाईच्या? जिच्या घरी जमीन आहे तिच्या. जिला जमीन नाही, त्या कातकरी-ठाकूर बाईसाठी लावणीचे दिवस म्हणजे मजुरीचे दिवस. लावणी गेली की कंबर वाचते आणि चूलही थंडावते. म्हणून लावणी टिकवून ठेवा, असं मी म्हणणार नाही. वाकणं हा काही बाईचा धर्म नव्हे. पण वाचलेल्या मजुरीतून तिला दुसरं काम कुठलं मिळणार, हा प्रश्न तंत्र आणतानाच विचारायला हवा.

दुसरं, या पद्धतीत नांगरट नाही, म्हणून तणासाठी तणनाशकावर भिस्त असते. ग्लायफोसेट हे सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं तणनाशक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते २०१५ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. फवारणी बहुतेक घरांत पुरुष करतो. पण पंपासाठी पाणी आणते बाई, फवाऱ्याचे कपडे धुते बाई, आणि बांधावरचा टाकळा-कुरडू खुडून कालवण करते तीही बाईच. तेव्हा तण कमी औषधात कसं आवरायचं, याचे प्रयोग आपणच केले पाहिजेत. ज्याला शेतकरी तण म्हणतो, त्यातलं खाण्याजोगं काय हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

तिसरं नावाचं. प्रशिक्षणाचं बोलावणं, अनुदानाचा अर्ज, बँकेचं कर्ज, सगळं जातं सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्याकडे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. कागदावर दिला. प्रत्यक्षात तलाठ्याकडे जाऊन हक्कसोड करून देणाऱ्या बहिणी इथे किती बसल्या असतील, ते मी हात वर करायला सांगून विचारणार नाही. पण भावाच्या प्रेमापोटी सही करताना आपण आपला उद्योगही सोडून देतो, हे ध्यानात ठेवू या. तारण नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर धंदा नाही.

आता कलेकडे वळू. आपल्या चौक-कर्जत रस्त्यावर नितीन देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'साठी इथे किल्ले-महाल उभे राहिले. तो सिनेमा २००८ साली आला. सुतार, रंगारी, मोल्डिंगवाले अशा कित्येकांना काम मिळालं. देसाई २०२३ साली गेले. एवढ्या मोठ्या कलावंतावर कर्जाचं ओझं किती जड होऊ शकतं, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. एकट्याच्या खांद्यावर उभा राहिलेला उद्योग किती एकटा असतो, याचा विचार आपणही करायला हवा.

पण मला त्या झगमगाटामागची एक गोष्ट सांगायची आहे. त्या काळात हिंदी सिनेमाच्या सेटवर बाईला मेकअप करायला बंदी होती! मेकअप आणि केशभूषा करणाऱ्यांच्या मुंबईतल्या संघटनेचा तसा दंडकच होता. बाईला केस बांधण्याचं कार्ड मिळे, चेहरा रंगवण्याचं नाही. ते काम पुरुषांचं, कारण त्यात पैसा जास्त. चारू खुराना नावाची मुलगी परदेशात मेकअपचं शिक्षण घेऊन आली, तरी तिला कार्ड नाकारलं. ती गप्प बसली नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हा नियम घटनाविरोधी ठरवला. घरात जन्मभर आरशासमोर नटण्याबद्दल बाईची टिंगल करायची, आणि त्याच कामाचे पैसे मिळू लागले की दार लावून घ्यायचं, असा हा न्याय!

यात आपल्यासाठी एक धडा आहे. चारूकडे कौशल्य होतं, कल्पकता होती, शिक्षण होतं. अडलं कुठे? संघटनेच्या दारात. म्हणजे पत्रिकेवरचा तो तिसरा शब्द, परस्परसंपर्क, हा सगळ्यांत महत्त्वाचा. काम, भाव, पत, ओळख या सगळ्या गोष्टी ओळखीच्या जाळ्यातून येतात आणि ते जाळं पुरुषांनी विणलेलं आहे. सोसायटीची बैठक, चहाची टपरी, रात्रीच्या जेवणावळी. तिथे भाव ठरतात, आणि त्या वेळी बाई घरी भाकऱ्या थापत असते.

आपलं जाळं नव्हतं असं नाही. सावड काय होती? आज तुझं शेत, उद्या माझं. बियाणं उसनं देणं, बाळंतपणाला धावणं, भिशी. फक्त त्याला कुणी 'संपर्क' म्हटलं नाही. या सावडीतूनच मोठे उद्योग उभे राहिलेत. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ झालं. आपल्या घाटापलीकडे राजगुरुनगरला 'चैतन्य'ने बचतगटांचे संघ बांधले. एकटा गट बँकेत गेला की बाकावर बसवून ठेवतात. संघ गेला की साहेब खुर्ची देतात.

मात्र बचतगट म्हणजे केवळ कर्ज फेडण्याचं यंत्र होता कामा नये. प्रदर्शनात ओळीने सगळ्या टेबलांवर तोच पापड, तेच लोणचं, आणि एकमेकींच्या भावाखाली उतरून विकणं, हा उद्योग नव्हे. आपल्याकडे शनिवार-रविवारी फार्महाऊस आणि रिसॉर्टांत गर्दी होते. तिथे तांदळाची भाकरी, पावसात शेवळं, भारंगी, कंटोळी शिजवते कोण? आपणच. शेवळाची खाज काकडाच्या फळाने मारायची, हे रसायनशास्त्र आपल्या आज्यांनी शोधलं. थाळीचा भाव मात्र मालक ठरवतो आणि आपल्याला रोजंदारी मिळते.

म्हणून आज उठण्यापूर्वी चार गोष्टी ठरवू या. एक, दोन्ही तालुक्यांतल्या गटांनी कोण काय करणार हे वाटून घ्यायचं आणि भाव एकत्र ठरवायचा. दोन, नवं अवजार, नवं बियाणं, नवं औषध आलं की प्रात्यक्षिकाला बाईला बोलावल्याशिवाय गावात ते होऊ द्यायचं नाही. तीन, गटातल्या निदान दोघींनी यंत्र दुरुस्त करायला आणि मोबाईलवर हिशेब ठेवायला शिकायचं. मुलाला हाक मारायची नाही. चार, सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर नाव लावण्यासाठी तहसीलला एकटीने न जाता दहाजणींनी जायचं.

चौथ्या कामाची यादी दाराशी ठेवली आहे. जाताना नाव लिहा. पूर्ण नाव लिहा. 'अमक्याची बायको' असं नको.