बेबनाव सहकाऱ्यांचा, झळ रुग्णांना

सपाट प्रदेशातील प्राथमिक आरोग्य केंद्र साधारणतः ३०,००० लोकसंख्येसाठी असते. तेथे परिचारिका व औषधनिर्माता यांच्यात अबोला असेल, तर त्याची झळ रुग्णांना बसते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. शीतकपाटाचे तापमान कोणी नोंदवावयाचे, या वादात नोंद राहून गेली, तर बालकांच्या लसीचा भरवसा उरत नाही. म्हणून तक्रार स्वभावाची नव्हे, कामाची असावी. ती प्रथम त्या सहकाऱ्यालाच एकांतात, तारीखवार सांगावी. उपयोग न झाल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावी. त्यांनी दोघांचेही म्हणणे ऐकून कामाची वाटणी लेखी करून द्यावी. रुग्णांसमोर शब्दाने शब्द वाढू देऊ नये. मने जुळोत वा न जुळोत, नोंद बिनचूक झालीच पाहिजे.