गळ्यातली गाठ आणि दोन बांध



गळ्यावर गाठ दिसली की आपण म्हणतो, "गलगंड असेल, आमच्या आजीलाही होता." पुष्कळदा ते खरेच असते. थायरॉईडच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तिथला कर्करोगही बहुधा सावकाश वाढणारा, शस्त्रक्रियेने आणि किरणोत्सारी आयोडीनने आटोक्यात येणारा.

आज बोलायचे आहे त्याच्या एका क्रूर भावंडाविषयी. याला ॲनाप्लास्टिक म्हणतात. थायरॉईडच्या शंभर कर्करोग्यांत हा एखाददुसऱ्यालाच, तोही बहुधा साठी उलटलेल्याला. वर्षानुवर्षे गप्प असलेली गाठ आठवड्या-आठवड्याला फुगू लागते. आवाज घोगरा होतो, घास अडतो, धाप लागते. निदानानंतर निम्मे रोगी सहा महिन्यांच्या आतच जात. आयोडीन इथे लागू पडत नाही, कारण या पेशी आपला मूळ धर्मच विसरलेल्या. आयोडीन शोषून घेतच नाहीत. म्हणून जमेल तिथे शस्त्रक्रिया, पाठोपाठ किरणोपचार आणि जोडीला केमोथेरपी, असा तिहेरी मार्ग धरतात. पण गाठीने श्वासनलिकेला विळखा घातला असेल, तर सुरी चालवायची कुठे?

काही रोग्यांच्या गाठीत 'ब्रॅफ' नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. 'वाढा, वाढा' असा हुकूम तिथून अखंड सुटतो. मी डॉक्टर नव्हे, मला आपला शेतातला पाट आठवतो. वरच्या तोंडाशी पाणी अडवले, तरी ते दुसऱ्या चारीने वळसा घेऊन त्याच वाफ्यात येते. मग खाली आणखी एक बांध घालावा लागतो. डाब्राफेनिब हा वरचा बांध, ट्रामेटिनिब हा खालचा. या जोडीच्या पहिल्या चाचणीत 16 रोग्यांपैकी 11 जणांच्या गाठी बऱ्याच आक्रसल्या. मे 2018 मध्ये अमेरिकेत तिला या रोगासाठी मान्यता मिळाली. पुढे ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी आधी या गोळ्या देऊन गाठ लहान केली आणि अशक्य वाटलेली शस्त्रक्रिया काहींवर शक्य करून दाखवली.

सोळा हा आकडा लहानच, हे सांगितले पाहिजे. हा बदल सगळ्यांत नसतो, औषधे महाग आहेत, आणि रोग पुन्हा डोके वर काढतो, तेही खरे. पण बदल आहे की नाही हे तपासल्यावाचून कळायचे कसे? गावात अशा वेळी शिक्षकांनाच विचारतात, म्हणून गुरुजींना मुद्दाम सांगतो: गाठीचा तुकडा तपासायला देतानाच 'ब्रॅफची तपासणीही हवी' असे डॉक्टरांपाशी बोलावे. तुकड्याला विशिष्ट रंग देऊन त्याचा अंदाज लवकर घेता येतो. आणि श्वास अडू लागला असेल, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची गाडी धरावी.