वहीच्या पानावरचं मृत्युपत्र

कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकताय? मग बाहेर बघा. या पट्ट्यात भातशेती होती. आता बीकेसीहून येणाऱ्या बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याशी संपतो. जमिनीला भाव आला, की आजोबांनी वहीत लिहिलेलं पानही भांडणाला येतं.

हाताने लिहिलेलं मृत्युपत्र बेकायदा नाही. उलट 1996 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने स्वहस्ताक्षराला जरा जास्तच वजन दिलंय. पण भारतीय वारसा कायदा, 1925, कलम 63 म्हणतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. अक्षर अख्ख्या गावाच्या ओळखीचं असलं तरी! आणि ते दोघं आजोबांच्याच वयाचे नकोत, असं मी नेहमी सांगतो. वाद झाला तर हयात असलेल्या निदान एकाला कोर्टात साक्षीला यावं लागतं.

मग खाडाखोड. ‘थोरल्याला’ खोडून वर ‘धाकट्याला’ लिहिलं, पण त्या बदलाशी सही-साक्ष नाही, तर तो बदल धरत नाहीत. आणि ‘रस्त्याकडची जमीन’ म्हणजे कुठली? आपल्याकडे रस्ता सारखा रुंद होतोय. सातबाऱ्यावरचा गट नंबर लिहा ना! शिवाय हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत आजोबांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर आत्याचाही हिस्सा मोजायचा.

नोंदणी सक्तीची नाही. स्टँप ड्युटीही लागत नाही. तरी मी सब-रजिस्ट्रारकडे जाच म्हणेन; कपाटातला कागद गहाळ झाला तरी तिथे नोंद राहते.

नॉमिनीचं पुढच्या भागात बोलू.