कट्ट्याच्या फळ्या
(रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'सोसायटीच्या आठवणी' असा विषय दिला आहे आणि १५ मिनिटं दिली आहेत. आठवणी सांगायला लागलो तर बोअरवेलच्या भांडणापासून सुरुवात होईल आणि लिफ्टच्या भांडणावर वेळ संपेल. म्हणून मी एकच गोष्ट घेतो, मागच्या अंगणातला लाकडी कट्टा. आर्किटेक्टने नकाशात त्याला 'डेक' लिहिलं होतं. आपण पहिल्या दिवसापासून कट्टाच म्हणतो.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ७ वा विषय आहे, 'मागील लाकडी कट्टा काढून तेथे टाइल्स बसविणेबाबत'. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहाकडे जायचं आहे त्यांना जाता येईल. कट्टा काढू नये. तो खराब दिसतो हे खरं आहे. पण त्यात लाकडाचा दोष थोडा आणि माझा जास्त आहे, आणि हे इतकी वर्षं मी कुठल्याही सभेत बोललो नाही.

नवीन बिऱ्हाडांना माहीत नसेल म्हणून सांगतो. या फळ्या विकत आणलेल्या नाहीत. तळमजल्यावरचे आपले मास्तर मूळचे आलापल्लीच्या बाजूचे. त्यांचं गावचं घर पाडलं तेव्हा माडीच्या सागवानी फळ्या आणि तुळया निघाल्या. भावाभावांत वाटणी झाली. मास्तरांनी स्वतःच्या वाटणीचं लाकूड ट्रकमध्ये घालून नागपूरला आणलं आणि सोसायटीला देऊन टाकलं. म्हणाले, "आमच्या आईने या फळ्या शेणाच्या हाताने कधी शिवल्या नाही जी, तेल लावून पुसायची." २० फूट बाय १२ फूट कट्टा झाला. खाली सिमेंटच्या ठोकळ्यांवर आडव्या तुळया ठेवल्या, म्हणजे जमिनीपासून चांगलं अर्धा फूट अंतर राहिलं आणि वाळवीला रस्ता मिळाला नाही. तो सल्लाही मास्तरांचाच. २०२३ साली बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झालं, त्याच्या बातम्या आल्या तेव्हा मला मास्तर फार आठवले. त्यांनी पेपर घेऊन सगळ्या मजल्यांवर चक्कर मारली असती.

सोसायटीला खर्च फक्त सुताराचा आणि पॉलिशचा होता. खजिनदार मी. आता बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला ३१ मार्च म्हणजे काय असतो ते सांगायला नको. मंजूर झालेली रक्कम त्याच वर्षी खर्ची पडली पाहिजे, हे माझ्या रक्तात होतं. मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पॉलिशवाला बोलावला. त्याने चकचकीत पीयू पॉलिश सुचवलं, एकदम पारदर्शक, हॉटेलातल्या टेबलासारखं. मला आवडलं. मास्तर येऊन फळीवर तळहात ठेवून पाहून गेले. मला म्हणाले, "साहेब, आता नका लावू. लाकूड तापून हाये. पाऊस जाऊ द्या, दिवाळीनंतर पाहू." मी चार लोकांसमोर म्हटलं, "मास्तर, लाकडाचं तुम्ही बघा, हिशोबाचं मला बघू द्या." लोक हसले. मास्तरही हसले.

पॉलिशवाला आला दुपारी २ वाजता. नागपूरचं मार्चअखेरचं ऊन. ब्रश फिरवला की मागून वाळत जायचं. व्हाउचर मात्र ३१ तारखेला फाइलला लागलं.

पहिल्या पावसाळ्यात कोपऱ्यांत फुगे आले. दुसऱ्या उन्हाळ्यात पोपडे निघायला लागले, उन्हात होरपळलेल्या पाठीची साल निघते तसे. सी विंगच्या आजींच्या पायात इंचभर फास गेली, डॉक्टरकडे जाऊन काढावी लागली. पॉलिशवाल्याचा फोन लागेना. मी त्याच्यावर पुष्कळ खापर फोडलं.

पुढे मी यात लक्ष घातलं, विचारलं, वाचलं, तेव्हा कळलं ते थोडक्यात सांगतो. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं. लाकडाचे तंतू ज्या पदार्थाने एकमेकांना धरून असतात, त्याला लिग्निन म्हणतात, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं. म्हणजे वरचं पॉलिश शाबूत दिसतं आणि त्याच्या खालचं लाकूडच सुटून येतं. पोपड्याच्या मागच्या बाजूला बारीक तूस चिकटलेलं असतं ते त्यामुळे. दुसरं, लाकूड स्थिर नसतं. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत, ऑगस्टमध्ये दमट. फळी आक्रसते, फुगते. मी एक रुपयाच्या नाण्यांनी मोजलंय. मे महिन्यात दोन फळ्यांच्या फटीत तीन नाणी एकावर एक मावतात, ऑगस्टमध्ये दोनच. वरचा कडक थर इतकं ताणून घेत नाही, त्याला चीर जाते. चिरेतून पाणी आत शिरतं आणि मग त्याच थरामुळे बाहेर पडत नाही. उघडं लाकूड भिजतं तसं वाळतंही. झाकलेलं कुजतं.

घरातल्या कपाटाला पीयू खुशाल लावा. उघड्यावरच्या, पायाखालच्या लाकडाला नको.

दोन वर्षांनी मी मास्तरांच्या दारात गेलो. माफी वगैरे मागितली नाही, तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. एवढंच म्हटलं, "नोव्हेंबरमध्ये पाहायचं का?" त्यांनी चष्मा लावला आणि बाहेर आले. तोवर त्यांना श्वासाचा त्रास सुरू झाला होता. ते खुर्ची टाकून बसायचे आणि मी, सुतार आणि आपला वॉचमन काम करायचो.

आधी सगळा जुना थर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडला. मी उत्साहाने आणखी बारीक पेपर आणला होता, तो मास्तरांनी बाजूला ठेवला. फार गुळगुळीत केलं तर लाकूड तेल पीत नाही. जुन्या लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग होते. सागवानातला तुरटपणा आणि लोखंडाचा गंज मिळून ते होतात. खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवले आणि डाग ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्याने काढले. हे विषारी असतं, हातमोजे घालायचे, भरपूर पाण्याने धुवायचं, झाडांच्या मुळांशी ओतायचं नाही. मग चार दिवस सुकू दिलं. पाचव्या दिवशी मास्तरांनी चमचाभर पाणी फळीवर टाकलं. पाणी मोत्यासारखं वर बसून राहिलं तर जुना थर अजून शिल्लक आहे, दोन-चार मिनिटांत जिरलं तर लाकूड तयार. तीन ठिकाणी मोती बसले. तिथे पुन्हा पेपर.

तेलाबद्दल माझी आणि त्यांची थोडी वादावादी झाली. त्यांना जवसाचं तेल हवं होतं, आईची आठवण. पण कच्चं जवसाचं तेल वाळायला फार दिवस घेतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. शेवटी बाहेरच्या लाकडासाठी मिळतं ते मुरणारं तेल आणलं, त्यात बुरशीचं औषधही असतं. रंग असलेलंच घेतलं. त्या रंगात लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात, आपला गेरू ज्यामुळे लाल असतो तोच पदार्थ. ते कण ऊन अडवतात. बिनरंगी तेल ऊन अडवत नाही. पण फार गडदही नको. एका फळीवर मी गडद अक्रोडी रंग लावून पाहिला, दुपारी त्यावर अनवाणी उभं राहवेना. मधली सागवानी छटा ठरली.

कट्टा इमारतीच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे ११ वाजेपर्यंत तिथे सावली. ८ वाजता दव पुसून सुरुवात, ऊन येण्याआधी बंद. पातळ हात मारायचा, १५-२० मिनिटं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं फडक्याने पुसून काढायचं. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि सगळी धूळ धरतं. फळीच्या कापलेल्या टोकांना दोन-तीनदा पाजायचं, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं. दोन हातांना मिळून पाचेक लिटर तेल लागलं.

एक गोष्ट मात्र तरुण मंडळींनी नीट ऐकावी. तेल पुसलेली फडकी मी गोळा करून, गाठोडं बांधून वॉचमनच्या खोलीमागे ठेवली. दुपारी ३ च्या सुमारास वॉचमन धावत आला, गाठोड्यातून धूर येत होता. कोणी काडी लावली नव्हती. असली तेलं हवा लागून वाळताना उष्णता सोडतात आणि गाठोड्यात ती कोंडून राहते. फडकी आपोआप पेटतात. बाजूला स्कूटर उभ्या होत्या. तेव्हापासून फडकी एकेक करून कुंपणावर सावलीत पसरायची किंवा पाण्याच्या बादलीत टाकायची, हा नियम.

काम झालं त्या संध्याकाळी मास्तर चप्पल काढून कट्ट्यावर चालले. काही बोलले नाहीत. एका फळीवर जुन्या घराच्या कडीची गोल खूण आहे, डाव्या कोपऱ्यात, तिथे थांबले, अंगठ्याने चाचपून पाहिली. पुढच्या नोव्हेंबरलाही ते खुर्चीवर होते. त्याच्या पुढच्या वर्षी खुर्ची नव्हती. तरी काम केलं, दरवर्षी करत गेलो. मग माझ्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, मुलगा म्हणाला आता खाली बसायचं नाही, आणि गेली ४ वर्षं कट्ट्याला तेलाचा थेंब नाही. आज तो राखाडी दिसतो तो त्यामुळे.

राखाडी म्हणजे कुजलेला नव्हे. ती वरची कागदाएवढी साय आहे. कुजलं की नाही हे डोळ्यांनी नाही, पेचकसाने पाहायचं. मागच्या रविवारी मी स्टुलावर बसून प्रत्येक फळीला टोचून पाहिलं. २७ ओळी आहेत. ३ ओळी टोकाशी मऊ लागल्या, तिन्ही जिथे कुंड्या कायम ठेवलेल्या असतात तिथल्या. बँकेच्या भाषेत २७ खात्यांपैकी ३ बुडीत. तेवढ्यावरून कोणी शाखा बंद करत नाही. ती टोकं कापून जोड देता येईल, मास्तरांच्या दोन फळ्या जिन्याखाली अजून पडून आहेत. कुंड्यांखाली विटांचे तुकडे ठेवा एवढी विनंती. आणि गणपतीच्या मांडवाचे खिळे कट्ट्यात ठोकू नका.

टाइल्सचं कोटेशन मी वाचलं. आकडे बरोबर आहेत, टाइल्सला तेल लागत नाही हेही बरोबर. मे महिन्यात संध्याकाळी ६ वाजता समोरच्या सोसायटीच्या टाइल्सवर पाय ठेवून या आणि मग मत द्या.

सभा १५ दिवसांनी आहे. विषय ७ वर मी लेखी सूचना दिलेली आहे. ती मंजूर झाली तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी ८ वाजता जुनी सुती फडकी घेऊन या. नायलॉनची नको, ती तेल पुसत नाहीत. मी खुर्ची टाकून बसेन.