पहिला ग्राहक घरचाच हवा



डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपुरात राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन आणि अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी अधिवेशननगरीची सजावट केली ती बांबू आणि इथेच मिळणाऱ्या साधनांतून. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी हा सगळा परिसर पालथा घातला. शेतीविषयीचा जो कार्यक्रम इथे संमत झाला, तो आजही फैजपूरच्याच नावाने ओळखला जातो. प्रश्न ज्यांचा, त्यांच्या अंगणात बसून त्यावर विचार करायचा, ही रीत या गावाने देशाला घालून दिली. सॉफ्टवेअर उद्योगाबद्दल या परिषदेत मला जे म्हणायचे आहे, ते मी त्याच रीतीने म्हणणार आहे.

महाराष्ट्राने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या धोरणाच्या काळात फैजपूरला जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, तसेच जळगाव, भुसावळ, शिरपूर, धुळे इथेही ही सोय झाली. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले. म्हणजे खानदेशात संगणकशास्त्र शिकवायला लागून एक पिढी उलटली. आज देशाचा माहिती तंत्रज्ञान उद्योग अडीचशे अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि ५० लाखांहून अधिक माणसे त्यावर पोट भरतात. त्यांत आपली मुले-मुली आहेतच, पण ती हिंजवडीला आहेत, बंगळुरूला आहेत. इथे महाविद्यालये झाली, सॉफ्टवेअरचा धंदा मात्र जेमतेमच राहिला. याचे कारण विचारले की एकच उत्तर मिळते: आमच्या मुलांत कौशल्य कमी पडते. हे उत्तर मला मान्य नाही. कौशल्य कामातून येते, आणि काम येते ते पैसे मोजणाऱ्या ग्राहकाकडून. आपल्याकडे कमतरता आहे ती या ग्राहकाची. तो निर्माण करायचे सोडून आपण अभ्यासक्रम बदलत बसलो.

आपल्या देशातल्या या उद्योगाचा इतिहास नीट वाचला तर हेच दिसते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये सुरू झाली. फकीरचंद कोहलींच्या या कंपनीची सुरुवातीची कामे अमेरिकेतली नव्हती. टिस्कोसाठी पंचकार्डांची कामे, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या नोंदी जुळवून देण्याचे काम, युनिट ट्रस्टचे हिशेब, ही ती कामे. एका शाखेने नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या शाखेत जमा दिसते की नाही, हे हजारो नोंदींतून शोधताना जी माणसे घडली, त्यांच्याच बळावर पुढे परदेशी कामे पेलता आली. आयबीएम १९७८ मध्ये देशातून गेली तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीने अंगावर घेतली. त्याच सीएमसीने १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणक प्रणाली चालू करून दाखवली. इतके गुंतागुंतीचे भाडे आणि इतके कोटे हाताळणारी प्रणाली आयती मिळणार नव्हतीच. आणि इन्फोसिसचे उदाहरण तर पुणेकरांच्या जिव्हारी लागणारे आहे. १९८१ मध्ये ती पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली, कारण तिचा पहिला भारतीय ग्राहक, मायको कंपनी, तिथे होता. पुण्यात हुशार अभियंत्यांची वाण नव्हती. ग्राहक होता तिकडे कंपनी गेली, एवढेच.

इतर विकसनशील देशांकडे पाहिले तरी हेच चित्र आहे. ब्राझीलमध्ये ऐंशीच्या दशकात महागाई अशी भडकली की पैसा एक दिवस पडून राहिला तरी बँकेला फटका बसे. त्या गरजेपोटी तिथल्या बँकांनी आपल्याच देशातल्या अभियंत्यांकडून संगणकीकरण करून घेतले आणि त्या विद्येत ब्राझील पुष्कळ श्रीमंत देशांच्या पुढे गेला. याच्या उलट केनियाचे एम-पेसा. २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सवय साऱ्या देशाला लावली, पण मूळ प्रणाली व्होडाफोनने ब्रिटनमध्ये घडवून आणलेली होती. गरज केनियाची, वापर केनियाचा, आणि घडवण्यातून येणारे शहाणपण दुसरीकडे. म्हणून घरात मागणी आहे एवढ्याने भागत नाही. ते काम कोणाला दिले जाते, यावर सगळे ठरते.

आता आपल्या दाराशी या. रावेर आणि यावल हे केळीचे तालुके. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाचा हिशेब किती बारीक आहे, हे बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. जूनच्या लागवडीची मृगबाग वेगळी, पावसाळा सरतानाची कांदेबाग वेगळी. पहिल्या पिकाची नवती, खोडाच्या पिलांवर धरलेली पिलबाग, आणि दर्जात न बसलेली वापसी, या तिन्हींचे भाव वेगळे. बाजारात जाहीर होणारा भाव आणि बागेत कापणीच्या वेळी प्रत्यक्ष हातात पडणारा भाव यांत तफावत असते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. विम्याची भरपाई ठरते ती थंडी, ऊन, वारा यांच्या मंडळनिहाय नोंदींवरून. आता दूरच्या शहरात बसून कोणी प्रणाली तयार केली आणि तिच्यात 'केळी' असा एकच रकाना, 'भाव' असा एकच आकडा ठेवला, तर ती पहिल्याच हंगामात निकामी ठरेल. शेतकरी ती उघडून बघेल, त्याचा हिशेब तिच्यात बसणार नाही, आणि तो पुन्हा आपल्या वहीकडे वळेल. इथल्या न्हावी किंवा सावदा गावच्या मुलीला ही माहिती कोणी शिकवावी लागत नाही. तिला शिकवावी लागते ती माहिती नीट मांडायची विद्या, आणि ती द्यायला महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. जळगावच्या डाळमिलांचे, चटई आणि पाइप बनवणाऱ्या कारखान्यांचे, गावोगावच्या पतसंस्थांचे आणि दूध संघांचे असेच आहे. प्रत्येकाचा हिशेब आपल्या वळणाचा आणि त्या वळणाची जाण असलेली माणसे इथेच.

यावर पहिला आक्षेप येतो निर्यातीचा. डॉलर परदेशी ग्राहक देतो, बाजार समिती काय देणार? आक्षेप पोकळ नाही. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, तेव्हा सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणि करसवलती देऊन निर्यातीला वाट करून दिली ते योग्यच झाले. त्या निर्यातीने लाखो घरांना बरे दिवस दाखवले. पण निर्यात हे टोक आहे, पाया नव्हे. निर्यातीच्या मोठ्या कामात नवख्या अभियंत्याच्या वाट्याला बहुधा यंत्रणेचा एक तुकडा येतो. ग्राहक कोण, त्याचा धंदा काय, हे त्याला वर्षानुवर्षे दिसत नाही. पतसंस्थेची प्रणाली आरंभापासून शेवटपर्यंत उभी करणारा चार जणांचा गट वर्षभरात जे शिकतो, ते या नवख्या अभियंत्याला मिळत नाही. निर्यातीलाही अशीच माणसे अखेरीस लागतात.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि तो या सभागृहातल्या उद्योजकांचाच आहे. सरकारी किंवा सहकारी संस्था वेळेवर पैसे देत नाहीत आणि निविदेत सर्वांत कमी दराला काम देतात. हे खरे आहे, आणि याने लहान धंदे बुडतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याने देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे, पण दोन-चार माणसांची कंपनी आपल्या एकमेव ग्राहकावर दावा कशी लावणार? त्यातच निविदेत कोट्यवधींच्या उलाढालीची आणि मोठ्या अनुभवाची अट घातली की जिल्ह्यातले नाव यादीत येतच नाही. काम मोठ्या शहरातली कंपनी घेते, आणि मोडतोड झाली की तिचा माणूस आठवड्याने येतो. हा दोष तंत्रज्ञानाचा नाही, खरेदीच्या नियमांचा आहे. नियम माणसांनी केले आहेत, माणसांनी बदलता येतात.

लहान गावात असा उद्योग तगेल का, या शंकेला तमिळनाडूत उत्तर मिळाले आहे. झोहो या कंपनीने तेनकाशीजवळच्या खेड्यात कार्यालय थाटले आणि जगभर विकले जाणारे उत्पादन तिथून उभे केले. बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना शुल्क न घेता, उलट विद्यावेतन देऊन ती आपल्या शाळेत घडवते. तेनकाशीच्या पाठीशी एक बलाढ्य कंपनी आणि तिचा मालक होता, खानदेशापाशी तो नाही, हा फरक मी लपवत नाही. म्हणूनच इथे तो आधार एका धनिकाऐवजी अनेक संस्थांनी मिळून द्यायला हवा, आणि सहकार या भूमीला नवा नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे सारे व्यर्थ ठरेल, असेही आता ऐकू येते. यंत्र प्रोग्राम लिहू लागले, मग नवा प्रोग्रामर कशाला? मला वाटते, यंत्र तेच काम पटकन करते जे आधी कोणीतरी नेमकेपणाने मांडून ठेवलेले असते. नवती आणि पिलबाग यांचा भाव वेगळा लावायचा असतो, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते, आणि त्याने दिलेल्या उत्तरात चूक कुठे आहे हे ओळखणारा माणूस त्या धंद्यातला असावा लागतो. या काळात पहिला धक्का बसेल तो निव्वळ तुकडे जोडणाऱ्या कामाला, आणि आपली मुले आज मुख्यतः त्याच कामासाठी तयार होत आहेत, हे मला खरोखर काळजीचे वाटते.

तेव्हा या परिषदेने काही ठराव कागदावर न ठेवता तडीस न्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुठल्याशा तयार नमुन्यावरून उतरवून घेण्याऐवजी जिल्ह्यातल्या एखाद्या खऱ्या संस्थेसाठी व्हावा, त्या संस्थेने त्याचा मोबदला द्यावा, मग तो थोडा का असेना, आणि ती प्रणाली एक पूर्ण हंगाम चालल्याशिवाय गुण देऊ नयेत. जिल्हा परिषद, बाजार समित्या आणि पतसंस्थांनी दरवर्षी आपल्या संगणक खर्चातला ठरावीक वाटा जिल्ह्यातल्या लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावा, उलाढालीची अट त्यापुरती काढून टाकावी आणि काम मंजूर होताच रकमेचा काही भाग आगाऊ द्यावा. येत्या मृगाच्या लागवडीआधी अशी निदान पाच कामे दिली गेली, तर पुढच्या वर्षी आपण त्यांच्या चुकांवर चर्चा करू.